बिनतारी कार्यालय हवे असेल तर तारा आधी ओढा

प्रति,
नव्या कार्यालयीन इमारती उभारणारी व्यवस्थापन मंडळे, त्यांचे वास्तुविशारद आणि अंतर्गत सजावटीचे ठेकेदार यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली अठरा वर्षे मी कार्यालयांची नेटवर्क उभारतो आणि सांभाळतो. शिडीवर चढून फॉल्स सीलिंगमध्ये केबल ओढली आहे, रात्री दोन वाजता बंद पडलेले नेटवर्क स्विच (सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती यंत्रे) बदलले आहेत. अलीकडे नव्या इमारतीच्या प्रत्येक बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: “आता सगळं वाय-फायवरच चालतं, मग डेटा पॉइंट कशाला?” त्यावर कोणी हरकत घेत नाही. नकाशावरच्या डेटा पॉइंटच्या, म्हणजे नेटवर्कची तार जोडायच्या सॉकेटच्या, खुणांवर लाल रेघ ओढली जाते आणि पुढचा विषय सुरू होतो. ती रेघ ओढण्याआधी तुम्ही हे वाचावे म्हणून लिहितो आहे.

मी तारांचा हट्ट धरणारा नाही. टेबलागणिक दोन पॉइंट काढलेल्या इमारतीत जाऊन स्विचसमोर उभे राहा. बहुतेक पोर्टवर, म्हणजे तार खोचायच्या खाचांवर, दिवाच लागलेला नसतो. लोक लॅपटॉप घेऊन येतात, कुठेही बसतात, फोनवरून कामे करतात. माणसांसाठी संपूर्ण कार्यालय वाय-फायवर चालू शकते. मी तशी कार्यालये चालवली आहेत आणि ती चांगली चालतात. पण जी चांगली चालतात त्यांच्या छतात भरपूर केबल असते. टेबलाखालची तार काढली तर ती छताकडे न्यावी लागते. ती मुळीच टाकायची नाही असे ठरवलेली जागा कशी चालते, हेही मी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी एक संस्था तीन मजल्यांच्या नव्या जागेत गेली. त्या नियोजनाच्या बैठकीत मी होतो, आणि जेवढ्या ठामपणे बोलायला हवे होते तेवढा बोललो नाही, याची बोच अजून आहे. ठरले असे की प्रत्येक मजल्यावर शाफ्टजवळ (केबल वर-खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीजवळ) एकच अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारे यंत्र, केबलने जोडायचा आणि बाकीचे एकमेकांशी हवेतूनच बोलतील. मेश म्हणतात ती पद्धत. टेबलांखाली एकही तार नाही, भिंतीत एकही नळी नाही. पहिल्या आठवड्यात वीसेक माणसे आली होती, तेव्हा नेट पळत होते. मग सगळे विभाग आले.

हिशेब विभागातल्या एक ताई महिनाअखेरची विवरणे चढवत होत्या. पडद्यावरची हिरवी पट्टी नव्वद टक्क्यांवर यायची, थबकायची आणि पुन्हा शून्यापासून सुरू व्हायची. तिसऱ्या वेळी त्यांनी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरला आणि जिन्याजवळ, तारेने जोडलेल्या त्या एकुलत्या एक अॅक्सेस पॉइंटखाली जाऊन उभ्या राहिल्या. पट्टी पूर्ण होईपर्यंत तशाच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिथे खुर्ची आणून ठेवली. आठवडाभरात त्या खुर्चीसाठी रांग लागू लागली.

हे का होते, ते नीट समजून घ्या. “चांगल्या कंपनीचे घ्या, महागातले घ्या” एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही.

1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची केंद्रे रेडिओने जोडणारे अलोहानेट सुरू केले. वाहिनी सगळ्यांना मिळून एक. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया, मग थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. त्या कल्पनेवरून 1973 साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेट मांडले आणि हवेच्या जागी एक सामाईक कोअॅक्सियल तार आणली. तेव्हाच्या ईथरनेटवरही सगळी यंत्रे एकाच तारेला लटकलेली असत, एकमेकांवर आदळत, थांबत. पुढे पिळाच्या जोडतारा आल्या, स्विच आले आणि प्रत्येक टेबलाला स्वतःची स्वतंत्र वाट मिळाली. 1997 साली त्या वाटेवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलण्याची सोयही मानकात आली. वाय-फायचे पहिले मानक, म्हणजे 802.11, त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. वेग होता सेकंदाला 2 मेगाबिट. तार सामाईक वाटेतून बाहेर पडली त्याच सुमारास हवेने सामाईक वाट नव्याने सुरू केली.

वेग तेव्हापासून शेकडो पटींनी वाढला, स्वभाव मात्र तोच राहिला. एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरलेल्या वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचे. रेडिओला बोलता बोलता ऐकता येत नाही, स्वतःच्याच आवाजात दुसऱ्याचा बुडून जातो. म्हणून प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, वाट मोकळी दिसली तरी थोडे थांबते, मग बोलते आणि पोचपावतीची वाट पाहते. पावती आली नाही तर पुन्हा सगळे पहिल्यापासून. या शिष्टाचारात वेळेचा मोठा वाटा जातो. वाय-फाय 6 या पिढीत एकाच फेरीत अनेक यंत्रांना थोडा थोडा वाटा देण्याची सोय आली आहे. ती खरोखर उपयोगी आहे, पण वाटायचे ते तेवढेच आहे.

हिशेब मांडून पाहा. दोन अँटेनांचा साधा लॅपटॉप, 40 मेगाहर्ट्झचे चॅनेल, वाय-फाय 6, आणि अॅक्सेस पॉइंट अगदी डोक्यावर: कागदावर वेग येतो सेकंदाला 574 मेगाबिट. हातात येतो ढोबळमानाने त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, तोही खोलीत एकच माणूस असताना. आता त्याच अॅक्सेस पॉइंटवर पन्नास जण बसवा आणि सगळे व्हिडिओ बैठकीत आहेत असे धरा. प्रत्येकाचे जाणारे 3 मेगाबिट, येणारे 3 मेगाबिट. बेरीज 300. म्हणजे काठोकाठ भरले, आणि अजून कोणी फाइल उघडलेलीसुद्धा नाही. तारेवर त्याच पन्नास जणांना प्रत्येकी 1 गिगाबिटची वेगळी वाट असते, येण्याची आणि जाण्याचीही.

म्हणून “या हॉलमध्ये सिग्नल येतो का?” हा प्रश्न अपुरा आहे. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या असतात आणि पान उघडत नाही, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. एका वेळी किती माणसे काय काय करणार, हे विचारा. अॅक्सेस पॉइंट किती हवेत ते त्यावरून ठरते, मजल्याच्या चौरस फुटांवरून नव्हे.

त्या तीन मजल्यांच्या जागेत मी चार दिवस लॅपटॉप हातात धरून हिंडलो. मेशचे दुखणे तर दिसतच होते. एकच रेडिओ माणसांशी बोलतो आणि तोच पुढच्या अॅक्सेस पॉइंटला निरोप पोचवतो, तेव्हा प्रत्येक निरोप हवेत दोनदा बोलावा लागतो आणि दर टप्प्याला क्षमता निम्मी होते. तिसऱ्या टप्प्यावर बसलेल्या विभागाला काय उरणार? वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्याचा मोठा भाग या आपसातल्या निरोपांतच जात होता, म्हणून बरेच लॅपटॉप 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर येऊन बसले होते. आणि तिथे, भांडार खोलीच्या कोपऱ्यात, लेबल छापणारा एक जुना प्रिंटर होता. भिंतीआडून तो जेमतेम सेकंदाला 1 मेगाबिटने बोलत होता.

एवढ्याशा प्रिंटरने काय होणार, असे वाटते ना? 1500 बाइटचे एक पाकीट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, 1 मेगाबिटने पाठवायला 12 मिलिसेकंद लागतात. तेच पाकीट 300 मेगाबिटने 0.04 मिलिसेकंदात जाते. तीनशे पट फरक. प्रिंटर बोलत असेपर्यंत त्या चॅनेलवरच्या सगळ्यांनी हात बांधून बसायचे. सकाळी दहाला भांडारातून लेबले सुटायची आणि दहालाच हिशेब विभागाची हिरवी पट्टी थबकायची. मी प्रिंटरला तार जोडली आणि अॅक्सेस पॉइंटवरचे सगळ्यात हळू वेग बंद केले. त्याच दुपारी मजल्याची तक्रार निम्म्यावर आली.

2.4 गिगाहर्ट्झबद्दल एवढेच सांगतो की कुठेही जा, पळसाला पाने तीनच. एकमेकांवर न चढणारी चॅनेल तिथे तीन आहेत: 1, 6 आणि 11. चौथा अॅक्सेस पॉइंट लावला की तो पहिल्या तिघांपैकी कोणाच्या तरी वाट्यात बसतो. शेजारच्या कार्यालयाचे वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे त्याच पट्ट्यात. या पट्ट्यावर कार्यालय चालवण्याचा विचार सोडून द्या.

5 गिगाहर्ट्झमध्ये जागा बरीच जास्त आहे, पण तिथल्या अनेक चॅनेलवर पहिला हक्क रडारचा आहे. अशा चॅनेलवर बोलण्याआधी अॅक्सेस पॉइंटला किमान एक मिनिट नुसते ऐकावे लागते आणि रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडून अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. हे नियमाने बंधनकारक आहे आणि योग्यही आहे. पण तुमच्या बैठकीच्या मधोमध अॅक्सेस पॉइंटने अचानक चॅनेल बदलले आणि सगळ्यांचे चेहरे पडद्यावर गोठले, तर त्याचे कारण हे असू शकते. 6 गिगाहर्ट्झचा नवा पट्टा काही देशांनी खुला केला आहे. अमेरिकेने 2020 साली तिथे 1200 मेगाहर्ट्झ मोकळे केले. ही मोठी सोय आहे. मात्र कंप्रता वाढली की भिंती जास्त गिळतात, म्हणजे अॅक्सेस पॉइंट आणखी जवळजवळ लावावे लागतात आणि छतातली केबल आणखी वाढते.

वास्तुविशारदांना एक खास विनंती. अॅक्सेस पॉइंट दिसायला बरा दिसत नाही म्हणून तो फॉल्स सीलिंगच्या वर, पत्र्याच्या डक्टशेजारी लपवू नका. आणि सगळे अॅक्सेस पॉइंट मार्गिकेत ओळीने लावू नका. तिथे केबल ओढणे सोपे असते हे मला माहीत आहे, मीही पूर्वी तसेच करायचो. पण लांब मार्गिकेत ते एकमेकांना ठणठणीत ऐकू येतात आणि एकमेकांसाठी थांबत बसतात, तर दाराआडच्या खोल्यांत सिग्नल क्षीण होऊनच पोचतो. ते खोल्यांत लावा, माणसांच्या डोक्यावर. भिंती कशाच्या आहेत हेही आम्हाला आधी सांगा. साधी काच लहरी सहज सोडते, धातूचा पातळ लेप दिलेली काच अडवते. लिफ्टचा शाफ्ट आणि लोखंडी कपाटांची रांग म्हणजे तर भिंतीच. एकदा एका कोपऱ्यातल्या चार जणांची तक्रार आली. दोन तास सेटिंग्ज तपासल्यावर लक्षात आले की सुट्टीच्या दिवशी कोणीतरी फायलींची दोन पोलादी कपाटे हलवून त्यांच्या आणि अॅक्सेस पॉइंटच्या मध्ये आणून ठेवली होती.

“मग पॉवर वाढवा ना!” हा दुसरा नेहमीचा आग्रह. अॅक्सेस पॉइंट मोठ्याने बोलू लागला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनला हाक ऐकू येते, त्याचे उत्तर मात्र परत पोचत नाही. उलट लांबचा अॅक्सेस पॉइंट मोठा ऐकू येत राहिल्याने लॅपटॉप त्यालाच चिकटून बसतो, जवळचा रिकामा असला तरी. कोणाला सोडायचे आणि कोणाला धरायचे हे यंत्र स्वतः ठरवते, नेटवर्कला फक्त सुचवता येते. दहा अॅक्सेस पॉइंट हळू आवाजात बोलणारे हे तीन मोठ्याने ओरडणाऱ्यांपेक्षा केव्हाही बरे.

सर्व्हेचेही तसेच. इमारत रिकामी असताना मोजणी होते, आकडे सुंदर येतात, अहवालावर सही होते. माणसाचे शरीर म्हणजे बव्हंशी पाणी, आणि पाणी या लहरी शोषते. सत्तर माणसांनी भरलेले सभागृह हे रिकाम्या सभागृहाहून वेगळेच असते. आवाजाच्या कॉलसाठी सिग्नल उणे 67 डेसिबल-मिलीवॉटच्या (हे सिग्नलच्या जोराचे माप) खाली घसरू देऊ नये असा आमच्याकडे ठोकताळा आहे. रिकाम्या जागेत नेमके तेवढेच मिळत असेल तर भरल्या जागेत ते मिळणार नाही. म्हणून मोजणी दोनदा करा, आणि दुसरी सगळे लोक हजर असताना, सोमवारी सकाळी.

आता तार कुठे हवीच, ते. जी वस्तू जागची हलत नाही तिला हवेवर ठेवायचे काही कारण नाही. प्रिंटर, बैठकीच्या खोलीतला मोठा पडदा आणि कॅमेरा, दारावरचे कार्ड वाचणारे यंत्र, टेबलावरचा फोन. आणि सीसीटीव्ही तर नक्कीच. 4 मेगाबिटचे वीस कॅमेरे म्हणजे दिवसरात्र अखंड 80 मेगाबिट, आणि हे ओझे ज्यांना चालता-फिरता नेट हवे आहे त्यांच्या वाट्यातून जाते. व्हिडिओ संपादन करणारे, मोठे आराखडे उघडणारे यांच्याही टेबलाला तार द्या. ते तुमचे आभार मानतील आणि त्यांच्या शेजारचे त्याहून जास्त.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. तारेच्या पोर्टला हात लावायला माणसाला आत यावे लागते. लहरी कुंपण ओळखत नाहीत. सगळ्या कार्यालयाला एकच पासवर्ड ठेवला तर नोकरी सोडून गेलेला प्रत्येक माणूस तो बरोबर घेऊन जातो; म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र ओळख तपासणारी 802.1X पद्धत पहिल्या दिवसापासून हवी. खोटा निरोप पाठवून लोकांना वाय-फायवरून हुसकावण्याच्या युक्तीवर 2009 साली उपाय मानकात आला, आणि 2018 साली आलेल्या डब्ल्यूपीए 3 या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीत तो सक्तीचा झाला. यंत्रे घेताना ती डब्ल्यूपीए 3 चालवणारी आहेत ना, एवढे पाहा. पण कोणी त्या पट्ट्यात नुसता गोंगाटच केला तर त्यावर कुठलेही सांकेतिकीकरण चालत नाही. अशा दिवशी काम सुरू ठेवायला चार टेबलांवर तरी तार लागते.

त्या तीन मजल्यांच्या जागेत शेवटी केबल टाकलीच. लोक गेल्यावर रात्री काम चालायचे. टेबलांवर प्लास्टिक पसरायचे, फॉल्स सीलिंगचे चौकोन उतरवायचे, पहाटे पुसून सगळे जागच्या जागी. स्लॅबला यंत्राने भोक पाडायची वेळ आली तेव्हा खालच्या मजल्यावर मी स्वतः बादली धरून उभा होतो. नव्या रंगाच्या भिंतींवरून पट्ट्या गेल्या. जे काम गिलाव्याआधी दोन माणसांनी चार दिवसांत केले असते, त्याला सहा आठवडे लागले आणि तरीही ते हवे तितके नीट झाले नाही.

म्हणून तुमच्याकडे एवढेच मागतो. प्रत्येक अॅक्सेस पॉइंटच्या जागेपर्यंत कॅट 6ए या प्रतीच्या दोन केबल न्या. एक आजची, एक उद्याची. तिच्यावरून 10 गिगाबिट 100 मीटरपर्यंत जाते, म्हणजे अॅक्सेस पॉइंट दोनदा बदलले तरी भिंत उकरावी लागणार नाही. प्रत्येक मजल्यावर रॅकसाठी, म्हणजे स्विच ठेवायच्या मांडणीसाठी, कुलूप लागणारी, हवा खेळणारी एक छोटी खोली ठेवा, आणि ती अशा जागी, की कुठल्याही टोकापर्यंतची केबल वळणांसकट 90 मीटरच्या आत बसेल. केबलमधूनच वीज देणारे स्विच घ्या. 2003 सालच्या मानकात पोर्टमागे 15.4 वॉट मिळत, 2009 च्या मानकात 30 आणि 2018 च्या मानकात 90 पर्यंत. नव्या अॅक्सेस पॉइंटना जुने 15.4 पुरत नाहीत, हे खरेदी विभागाने यादीत लिहून ठेवावे. ते स्विच यूपीएसवर टाका, म्हणजे वीज गेली तरी सगळ्या मजल्याचे वाय-फाय जागे राहील. आणि टेबलांच्या प्रत्येक गटापाशी निदान एक पॉइंट असू द्या.

हेही जमणार नसेल तर निदान नळ्या टाका. शाफ्टपासून प्रत्येक खोलीच्या छतापर्यंत, रुंद, कमीत कमी वळणांच्या. भिंतींना गिलावा चढण्याआधी तुमच्या नेटवर्कच्या माणसाला एक दिवस साइटवर बोलवा. तो प्रत्येक नळीत एक नायलॉनची दोरी ओवून, तिची दोन्ही टोके बाहेर बांधून आणि दोन्हीवर खोलीचा क्रमांक लिहून जाईल.

आपला नम्र,
एक नेटवर्क अभियंता